वाळवंटात टरबूज होतात

अक्का,

मी वाळवंटात चालले आहे. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही, नवस फेडायचा नाही, नुसतं बघायला. तू असतीस तर आधी कपाळाला हात लावला असतास आणि मग विचारलं असतंस, तिथं खायचं काय. पार वर, लडाखात, नुब्रा नावाचं एक खोरं आहे. दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर, मधून रुंद नदी, नदीकाठाने वाळूच्या टेकड्या आणि त्या वाळूत दोन वशिंडांचे केसाळ उंट. पाऊस जवळजवळ नाहीच, थंडी मात्र अशी की हिवाळ्यात पाणी गोठतं. थंड वाळवंट म्हणतात त्याला. माझी लेक पुण्याहून वर्षभर मागे लागली होती, की आई, निवृत्त झालीस, आता तरी तापीच्या बाहेर पड. शेवटी हो म्हटलं. श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट संपले की निघायचं. जळगावहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं विमान, मग दोन दिवस लेहला नुसतं पडून राहायचं, कारण तिथली हवा विरळ आहे आणि माझं वय तेवढं विरळ नाही. त्यानंतर एक मोठी खिंड ओलांडून खाली खोऱ्यात उतरायचं.

तयारीचं म्हणशील तर लेकीची यादी तिच्या फोनमध्ये आहे आणि माझी कागदावर. तिच्या यादीत लोकरीचे मोजे, उन्हाचा चष्मा, परवानगीचे कागद. माझ्या यादीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि पुन्हा एकदा दशम्या. ती हसते. हसू दे. शिवाय मी रस्त्याचा एक नकाशाही काढून ठेवलाय. जन्मभर पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने गिरवायचे. ती सवय जात नाही. डोंगर काढले, नदी काढली आणि नदीच्या दोन्ही बाजूंना वाळू दाखवायला बारीक बारीक ठिपके देत बसले. ठिपके देता देता तुझी आठवण आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुझी आठवण चार दिवस आधीच आली होती, आणि ती सुखाची नव्हती.

झालं असं. ज्या बाईंच्या घरी आम्ही उतरणार आहोत त्यांना मी फोन केला होता. हुंदर नावाच्या गावात राहतात, दोन खोल्या पाहुण्यांना देतात. आवाज इतका प्रसन्न, की मी आपली गप्पाच मारत बसले. त्या म्हणाल्या, "गरम कपडा लाना, दीदी. दिन में धूप बहुत, पर शाम को रेत एकदम ठंडी." आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "और रेत में हाथभर खोदा तो पानी लगता क्या? मीठा?" मग त्या हसल्या. "नदी के पास लगता है. मीठा ही लगता है. पर आपको ये किसने बताया?" आता अशा प्रश्नाला उत्तर काय, अक्का? साठी उलटलेली, पेन्शन घेणारी मी, एका लांबच्या अनोळखी बाईशी बोलत होते. कुणाला घाबरायचं होतं? तरीही मी म्हटलं, "कहीं पढ़ा था." फोन ठेवला आणि तिथंच पलंगावर बसले. मी तुला दुसऱ्यांदा नाकारलं होतं. पहिली वेळ तुला माहीत आहे. तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे, आणि आपण दोघी त्यावर उभ्या जन्मात एक अक्षर बोललो नाही. जाण्याआधी ते बोलून टाकायचं म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मी आठवीत. अमळनेरच्या त्या दोन खोल्या, मागच्या खोलीत चूल, चुलीपुढे तू भाकरी थापते आहेस आणि मी उंबऱ्यावर वही घेऊन बसले आहे. संक्रांत नुकतीच झालेली. भूगोलाच्या सरांनी निबंध दिला होता, 'वाळवंटातील जीवन'. पुस्तकात त्यावर चार ओळी होत्या आणि मला पानभर हवं होतं. मी पेन्सिल चावत बसलेली बघून तू विचारलंस, "काय अडनं व?" मी विषय सांगितला. तुझा चेहरा कसा उजळला ते मला आत्ता इथं बसूनही दिसतं. अभ्यासातली एखादी गोष्ट तुला येते, असं तोवर कधी झालंच नव्हतं. "वायवंट?" तू म्हणालीस. ळ तुझ्या जिभेवर कधी बसलाच नाही. "त्यामां इतला इचार कसाले करस? लिख. वायवंटमा टरबूज व्हतस. डांगर व्हतस. काकड्या व्हतस. हातभर खंदं का पानी लागस, गोड."

आणि तू सांगत गेलीस. दिवाळीनंतर नदीचं पाणी उतरलं की वाळूत खड्डे कसे घ्यायचे, त्यात शेणखत कसं भरायचं, वाऱ्याने वेल उलटू नयेत म्हणून तुराट्यांचा आडोसा कसा लावायचा. वाळूत खणलेल्या झिऱ्यातलं पाणी कसं उपसायचं. भर उन्हात पाय पोळतात, पण सूर्य कलला की तीच वाळू गारेगार होते आणि लहान पोरं तिच्यात लोळतात. शिंदखेडा तालुक्यातल्या त्या तापीकाठच्या गावी तुझं लहानपण गेलं होतं. तुझ्या भावांची, म्हणजे माझ्या मामांची टरबुजांची वाडी पात्रातच असायची. ते तुला अक्का म्हणायचे म्हणून मीही अक्का म्हणायला लागले. नदीच्या वाळूला आपण वाळवंटच म्हणतो. दुसरं काही वाळवंट जगात असतं, हे तुला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि मला पुस्तक वाचूनही त्या दिवशी शंका आली नाही, कारण तू इतकं सुंदर सांगत होतीस. तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं. मी दीड पान लिहिलं.

सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. 'वाळवंटात टरबूज होतात' या पहिल्याच वाक्याला हशा पिकला. 'हातभर खणले की गोड पाणी लागते' इथं तर मागच्या बाकावरच्या मुली बाक बडवायला लागल्या. सर वाईट नव्हते, अक्का. बाहेरगावाहून नुकतेच बदलून आलेले, तरुण, स्वतःच्या विषयावर प्रेम असलेले. त्यांनी वही मिटली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे कामाला एक बाई येते. तिनं सांगितलं."

तसं बघितलं तर फारसं खोटं नव्हतं. आमच्या घरात काम करणारी एकच बाई होती.

घरी येऊन मी दप्तर आपटलं. शून्य मिळालं म्हणाले, तुझ्यामुळे मिळालं म्हणाले. वाळवंट म्हणजे राजस्थानात असतं, उंट असतात, तिथं पाणीच नसतं, तुला काही येत नाही तर सांगतेस कशाला, असं बरंच काही. शाळेत काय बोलले ते मात्र सांगितलं नाही. तू ऐकून घेतलंस. मग इतकंच म्हणालीस, "पन टरबूज तं व्हतस ना व." त्यानंतर माझ्या वह्यांकडे तू बघायचीस, पण लांबून. कंदिलाची काच पुसून द्यायचीस, पाणी आणून ठेवायचीस. काय लिहितेस म्हणून पुन्हा कधी विचारलं नाहीस.

मला वाटलं विषय संपला. तू मात्र तो दोन महिने मनात धरून होतीस. शिमगा झाला, तू दोन दिवस माहेरी जाऊन आलीस. सकाळची शाळा सुरू झाली होती. भूगोलाचाच तास. दाराशी कुणीतरी उभं राहिलं म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या आणि मी गारठलेच. डोक्यावर पदर, पायांत धुळीच्या चपला, आणि कडेवर लेकरू घ्यावं तसं एक भलंमोठं टरबूज. शिंदखेड्याहून पॅसेंजरने आलीस ती घरी न जाता थेट शाळेत. कुणाची परवानगी नाही, काही नाही. वर्गात आलीस आणि टरबूज टेबलावर ठेवलंस. "गुरजी, हाई वायवंटमा पिकेल शे. मन्हा भाऊनी वाडीनं. तुम्हीन खाई देखा."

सर गोंधळले. मग त्यांना आठवलं असावं, कारण ते एकदम हसले, चांगलं हसले. "अरे! नदीचं वाळवंट! बरोबर आहे तुमचं. शब्द तोच आहे, माझ्याच लक्षात आलं नाही." तुझी मान किती ताठ झाली होती तेव्हा. आणि मग त्यांनी माझ्याकडे बघून, काहीही मनात न ठेवता विचारलं, "म्हणजे हिच्या घरी कामाला येता, त्या तुम्हीच ना?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहत होते, खाली बघण्याचंही सुचलं नाही. मला वाटलं, आता तू सांगणार. तू मला रागावशील, कानशिलात लगावशील, सगळ्या वर्गासमोर. आणि खरं सांगते, तसं झालं असतं तर आज मी सुखी असते. तू पदर सारखा केलास. "हां गुरजी. तीच मी. यास्ना घर कामले शे." आवाजात राग नव्हता. खोटं बोलणाऱ्याचा असतो तसाही नव्हता. दाराशी गेल्यावर तू वळलीस आणि मला म्हणालीस, "मी निंघस, ताई. तुम्हीन या मंग घर."

माझ्या आईने मला अहो-जाहो केलं ते आयुष्यात तेवढं एकदा. माझं खोटं कुठं उघडं पडू नये म्हणून तू ते शेवटपर्यंत नीट निभावलंस, अगदी 'ताई'सकट. टरबूज सरांनी शिपायाकडून कापून घेतलं, अख्ख्या वर्गाला फोडी मिळाल्या. माझ्या निबंधाचे गुणही वाढवले. संध्याकाळी घरी मी तुझ्यासमोर यायला धजत नव्हते. तू चूल फुंकत होतीस. मागे न बघता विचारलंस, "गोड निंघनं का?" मी "हो" म्हटलं. तू म्हणालीस, "जेव मंग." बस. त्या दिवशी मी तुझ्या गळ्यात पडले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं, पण मी ताट घेऊन बसले आणि जेवले.

नंतरची इतकी वर्षं, अक्का, मला कळतच नव्हतं की तू विसरलीस की काय. माझं लग्न झालं, धुळ्याला नोकरी लागली, लेक झाली. एकदा तू माझ्याकडे राहायला आली होतीस आणि मी भांडी घासणाऱ्या बाईवर ओरडले. दूध सांडलं होतं की कप फुटला होता, क्षुल्लक काहीतरी. ती गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. तू कधी रागवायची नाहीस, पण त्या दिवशी रागावलीस. "कामवालीले अशी बोलू नको. तीबी कोन्ही माय शे." मी मान खाली घातली आणि आत निघून गेले. ते तू तिच्यासाठी म्हणालीस की आपल्यासाठी, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. तिच्यासाठीच असेल. तुझा स्वभाव टोमणे मारायचा नव्हता, तो माझा.

आणखी एक वेळ आली होती. तापीवर बंधारा व्हायचा होता आणि त्याच्या बुडीत क्षेत्राचा नकाशा गिरवायला माझ्याच टेबलावर आला. मामांच्या गावाचं पात्र त्यात होतं. जुन्या नकाशात तिथं वाळूचे ठिपके होते. नव्या कागदावर मी ते घ्यायचे नव्हते, कारण आता तिथं बारा महिने पाणी राहणार होतं. शाईने मी बुडीत रेषा ओढली. कामच होतं ते. पण त्या शनिवारी एक प्रिंट गुंडाळून अमळनेरला घेऊन आले आणि तुझ्यासमोर जमिनीवर पसरली. तू चष्मा लावलास. मामांची वाडी कुठं ते मी बोट ठेवून दाखवलं. तू त्या जागेवरून हात फिरवलास. "आते तठे बाराही मास पानी राही?" मी हो म्हटलं. "बठ्ठा लोकेसले भेटी?" पुन्हा म्हटलं, हो, सगळ्यांना. "मंग चांगलं शे," तू म्हणालीस, आणि चष्मा काढून पुसत बसलीस. मग म्हणालीस, "टरबूज कोठे लावतीन मंग?" त्याचं उत्तर आमच्या खात्याकडे नव्हतं. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की अक्का, तू त्या दिवशी बरोबर होतीस आणि मी नीच वागले. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात तू चहा टाकायला उठलीस, आणि मी प्रिंट गुंडाळून ठेवली.

तू गेलीस त्याला सोळा-सतरा वर्षं झाली. आता लिहिते. मी आईला कामवाली म्हणाले. मला तुझी लाज वाटली होती, तुझ्या ळची, तुझ्या पदराची, तुझ्या चुकलेल्या वाळवंटाची. आणि ते चुकलेलं नव्हतंच. मला माफ कर. मला फार आधी हे म्हणायला हवं होतं. किती सोपं वाक्य आहे बघ, दोन मिनिटंही लागली नाहीत.

हे इथवर लिहून झालं आणि काल सकाळी मी हुंदरच्या बाईंना पुन्हा फोन लावला. म्हटलं, कागदावर लिहिणं निराळं आणि जिवंत माणसाला सांगणं निराळं. त्यांनी "जुले, दीदी" असा तिकडचा नमस्कार केला, आणि दुसरं काही बोलण्याआधी मी घाईघाईने सांगून टाकलं, "वो पानी की बात मैंने कहीं पढ़ी नहीं थी. मेरी माँ ने बताई थी. वो नदी की रेत में तरबूज लगाती थी." त्यांना इतका आनंद झाला, अक्का! म्हणाल्या, आम्हीही या वर्षी खालच्या रेताड तुकड्यात तरबूज लावलंय, पहिल्यांदाच, लहान लहान धरतात, वारा वेल उलटवतो, काय करावं कळत नाही. मी तुराट्यांचा आडोसा सांगितला. तुराटी म्हणजे काय हे सांगायला माझी हिंदी पुरेना. शेवटी सुकलेल्या काटक्यांची भिंत म्हटलं. "माँ ने सिखाया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, माँनेच. त्यावर त्या म्हणाल्या, "तो माँ को भी लाओ ना साथ में! मेरा खेत देख के बताएगी, ठीक लगाया कि नहीं. दो की जगह तीन लिख दूँ?"

आता इथं सरळ सांगायचं होतं. एवढं मोठं वाक्य बोलून मोकळी झालेली मी, आणखी एक छोटं वाक्य बोलायला काय हरकत होती? पण त्या इतक्या मनापासून विचारत होत्या. मी म्हटलं, "हाँ, तीन." त्यांनी विचारलं, माँ क्या खाएगी? मी म्हटलं, चावल कम, रोटी चलेगी, और चाय में शक्कर ज्यादा. त्यांनी ते लिहून घेतलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते दशम्यांच्या डब्याखाली ठेवते आहे. राहायची सोय पक्की झाली का म्हणून लेकीने काल विचारलं, तेव्हा हो म्हणाले. तिसरं माणूस तिला अजून सांगितलेलं नाही. निघण्याआधी फोन करून आकडा दुरुस्त करायला हवा, हे मला कळतं. करावासा वाटत नाही.